घरच्या मिलिंगला व्हीएफडी बसवायचाय, पण मोटर सिंगल फेज आहे

फोंडा_गॅरेज
नमस्कार मंडळी. मागच्या पडवीत एक मिल-ड्रिल टाइपचं छोटं मिलिंग मशीन बसवलंय. डिचोलीकडच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आणलं, गोव्यातलं मायनिंग थांबलं तेव्हा तिकडची यंत्रं भंगारअड्ड्यावर किलोच्या भावानं गेली ते तुम्हाला माहीतच आहे. मशीन चांगलं आहे, स्लाइड घट्ट आहेत, क्विल सरळ चालतो. कुणीतरी मधे मूळ मोटर काढून १ एचपीची सिंगल फेज बसवलीय, १४४० आरपीएम, वर कॅपॅसिटरचा डबा. चार पायऱ्यांची पुली, प्लेटवर स्पीड लिहिलेत २८०, ५५०, १००० आणि १९००.

आता अडचण अशी की मी हौशी माणूस, जुन्या स्कूटरचे पार्ट, पितळेची बारीकसारीक कामं, कधी लोखंडाचा जॉब, त्यामुळे एका संध्याकाळी तीनदा बेल्ट बदलावा लागतो आणि फ्लायकटर (एकाच टूलचा मोठा फिरता कटर) लावला की २८० सुद्धा जास्तच वाटतात, कटर किंचाळतो आणि जॉब निळा पडतो. म्हणून म्हटलं व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह, लावावा, एक नॉब फिरवला की काम झालं. बाजारात एका दुकानात विचारलं तर म्हणाला आहे त्या मोटरला लागेल, हवं तर पंख्याच्या रेग्युलेटरसारखं स्वस्तातलं पण आहे. मला ते काही पटलं नाही. घराला सिंगल फेजच आहे, २३०. पावसात व्होल्टेजचं काय असतं ते वेगळं सांगायला नको, मशीन चालू केलं की घरातले दिवे मान टाकतात. कुणी केलंय का असं? मोटर बदलावीच लागेल का? आणि बेल्ट एकदाचा १००० वर ठेवून बाकी सगळं नॉबवर करता येईल ना?

म्हापसा_वाइंडर
दुकानवाल्याचं ऐकू नको बाबा. तुझ्या मोटरला व्हीएफडी चालत नाही.

कारण सांगतो. ही कॅपॅसिटर स्टार्ट मोटर असणार, आत शाफ्टवर सेंट्रिफ्युगल स्विच असतो, मोटर साधारण ७५ टक्के स्पीडला पोचली की तो स्टार्टिंगची कॉइल तोडतो. आता तू फ्रिक्वेन्सी कमी करून मोटर हळू चालवलीस की स्विच परत बसणार, स्टार्टिंगची कॉइल लाइनमध्येच राहणार, आणि ती कॉइल काही सेकंदांसाठीच बनवलेली असते. जळते. माझ्याकडे अशा जळलेल्या मोटरी येतात, वास आला की ओळखतो. वर व्हीएफडीचा आउटपुट म्हणजे चिरलेले पल्स, ते कॅपॅसिटरमध्ये गेले की कॅपॅसिटर पण गरम आणि ड्राइव्ह पण ट्रिप.

रेग्युलेटर तर सोडूनच दे. पंख्याला चालतो कारण पंखा हळू झाला की त्याचा लोड पण उतरतो. मिलिंगला कटर जॉबमध्ये घुसलेला असताना लोड तसाच राहतो, आणि व्होल्टेज अर्धं केलं की टॉर्क पाव होतो. जागच्या जागी थांबेल आणि गुंगुं करत बसेल.

तुला थ्री फेज मोटर पाहिजे, आणि सिंगल फेज २३० इनपुट, थ्री फेज २३० आउटपुट असा व्हीएफडी. घरी थ्री फेज कनेक्शन लागत नाही. पण इथं एक मेख आहे, आउटपुट २३० चाच मिळतो, ४१५ होत नाही. आपल्याकडच्या १ एचपीच्या मोटरी बहुतेक ४१५ स्टारमध्ये जोडलेल्या येतात. टर्मिनल बॉक्स उघड, सहा स्टड असतील आणि तीन एका पट्टीनं जोडलेले असतील तर तो स्टार. पट्ट्या काढून उभ्या लाव, समोरासमोरच्या जोड्या जुळल्या की डेल्टा झाला, आणि ४१५ ला १.७३ नं भागलं की २४० येतात, म्हणजे आपल्या २३० ला मोटर पूर्ण ताकद देते. करंट मात्र त्याच पटीत वाढतो, स्टारला १.८ अँपिअर घेणारी १ एचपी डेल्टाला ३.१ च्या आसपास घेईल, ड्राइव्हमध्ये ओव्हरलोड तेवढा भर. आणि झाकणावर मार्करनं मोठं लिही डेल्टा २३० म्हणून. उद्या कुणी ती मोटर उचलून ४१५ वर लावली तर माझ्याकडेच यायची.

बार्जवाले_काका
दिवे मान टाकतात ते व्हीएफडीनं जाईल. सावकाश उचलतो तो, सिंगल फेज मोटर डायरेक्ट चालू करताना जो झटका घेते तो नाही. पण बेल्ट १००० वर ठेवून सगळं नॉबवर, हे डोक्यातून काढून टाक. नवीन पोरं सगळी इथंच फसतात.

माझा जन्म गेला बार्जच्या वर्कशॉपात, प्रॉपेलर शाफ्टपासून पंपाच्या इंपेलरपर्यंत. तुझाच हिशोब करतो. फ्लायकटर ७५ एमएमचा धर, एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) टूल, माइल्ड स्टील. कटिंग स्पीड मिनिटाला २५ मीटर घे. १००० गुणिले २५, भागिले ३.१४ गुणिले ७५, येतात १०६ आरपीएम. तुझं मशीन २८० वर चालतं, अडीच पटीहून जास्त, किंचाळणार नाही तर काय करणार.

आता हे १०६ दोन तऱ्हांनी मिळतात. बेल्ट २८० च्या पायरीवर ठेव आणि फ्रिक्वेन्सी २० हर्ट्झला आण, ११२ झाले. नाहीतर तू म्हणतोस तसा बेल्ट १००० वर ठेव आणि साडेपाच हर्ट्झला आण, तिथंही ११० च. आकडा सारखा, पण व्हीएफडी मोटरचा टॉर्क वाढवत नाही, फार तर आहे तेवढा टिकवतो. टॉर्क वाढवते पुली. १ एचपीचा पूर्ण टॉर्क २८० च्या पायरीवर स्पिंडलला सुमारे २५ न्यूटन मीटर, १००० च्या पायरीवर सात. फ्लायकटरच्या टोकाला मोजलास तर एकीकडे ७० किलोचा रेटा आणि दुसरीकडे १९ किलोचा, बेल्टमधलं जातं ते वेगळं. १९ किलोत कटर अडकणार, ड्राइव्ह ओव्हरकरंट दाखवून बंद पडणार, आणि तू इथं येऊन लिहिणार की व्हीएफडी बेकार आहे.

शिवाय मोटरचा पंखा मोटरच्याच शाफ्टवर. पाच हर्ट्झला तो वारा घालत नाही, नुसता फिरतो. वीस मिनिटं तसा कट चालवलास तर मोटरवर हात ठेवता येणार नाही.

पुली राहू दे. बेल्ट जवळच्या पायरीवर ठेवायचा आणि नॉबनं पुढंमागं करायचं. मी तर म्हणतो बेल्ट बदलायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात एक बिडी होते, पण तुला नॉबच पाहिजे तर घे बाबा.

फोंडा_गॅरेज
काका, देव बरें करूं, हा हिशोब असा कुणी समजावलाच नव्हता. मला वाटायचं १ एचपी म्हणजे कुठल्याही स्पीडला १ एचपी.

म्हापशाचे दादा, शनिवारी भंगारअड्ड्यावर जाऊन आलो. एक थ्री फेज मोटर मिळतेय, नेमप्लेट अर्धी गेलीय, १ एचपी, ४१५ आणि स्टारचं चिन्ह दिसतं, पण टर्मिनल बॉक्समध्ये सहा नाहीत, तीनच वायरी बाहेर आल्यात. ही डेल्टा होईल का? दुसरी एक तशीच दिसणारी पण अंगानं मोठी आणि जड आहे, तिच्यावर ९४० आरपीएम लिहिलंय, तिला सहा स्टड आहेत. तो दोन्हींना जवळपास सारखेच पैसे सांगतो. आणि सांगायचं राहिलं, तिथंच एक ४१५ चा वापरलेला व्हीएफडी पण पडलाय, नावाजलेल्या कंपनीचा.

म्हापसा_वाइंडर
९४० वाली उचल. विचार करू नको.

तीन वायरीवालीचा स्टार पॉइंट आत वाइंडिंगमध्येच बांधलेला असतो. होते ती पण, एंड कव्हर काढायचं, जिथं तीन टोकं एकत्र झाळलेली आहेत ती गाठ शोधून सोडवायची, तीन नवीन वायरी बाहेर काढायच्या, स्लीव्ह, बांधणी, वार्निश. हाताखालचं काम आहे, पण जुनं वार्निश ठिसूळ झालेलं असतं, कॉइलचं डोकं हलवलं की तडकतं. रिवाइंडिंगवाल्याकडूनच करून घ्यावं.

९४० म्हणजे सहा पोलची. १२० गुणिले ५० भागिले ६, एक हजार, त्यातून स्लिप, म्हणजे लोडवर मोटर जेवढी मागं पडते ती, गेली. सारख्याच एचपीला सहा पोलची मोटर दीडपट टॉर्क देते, म्हणून तर ती जड आहे. काकांनी जो हिशोब मांडला तो हिच्यावर करून बघ. तुझी २८० ची पायरी आता ५० हर्ट्झला १८३ होईल, आणि १०६ पाहिजे असतील तर २९ हर्ट्झ, म्हणजे मोटर निम्म्याच्या वर चाललीय, पंखा बरा फिरतोय आणि ताकद पण जास्त. वरच्या बाजूला १९०० चे १२४० होतात, तिथं फ्रिक्वेन्सी वाढव. ५० च्या वर व्होल्टेज वाढत नाही म्हणून टॉर्क पडत जातो, १०० हर्ट्झला निम्मा किंवा त्याहून कमी, पण त्या स्पीडला तू ३ एमएमचा कटर चालवणार, त्याला टॉर्क कुठं लागतो. बेअरिंग मात्र बदलून घे, झेडझेड मारलेली (दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेली) नवीन, फार पैसे नाहीत.

घरी नेण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) घे. जून ते सप्टेंबर उघड्यावर पडलेली मोटर असेल तर रीडिंग खाली येणारच, लगेच फेकून देऊ नये, उन्हात किंवा बल्ब लावून दोन दिवस सुकवायची आणि परत घ्यायची. सुकवून पण एक मेगोहमच्या खाली असेल तर तशी लावू नको. व्हीएफडीच्या पल्सचे टोकदार व्होल्टेज जुन्या इन्सुलेशनला आधीच जड जातात.

वेर्णा_पॅनेल
आत्ता बघितला धागा. तो ४१५ चा वापरलेला ड्राइव्ह तुझ्या कामाचा नाही, त्याला इनपुटच ४१५ लागतो. २३० दिलास तर डीसी बस (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) ३२५ च्या आसपासच येईल आणि अंडरव्होल्टेज दाखवून बसेल. आणि वर्षानुवर्षं बंद पडलेला ड्राइव्ह कुठलाही असो, त्याला एकदम फुल व्होल्टेज द्यायचं नसतं, आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर झोपलेले असतात, व्हेरिअॅकनं हळूहळू व्होल्टेज चढवून जागे करावे लागतात, नाहीतर फटाका. चवथीला वाजवायचा नसेल तर सोडून दे.

नवीन घे, २३० सिंगल फेज इनपुट, ०.७५ किलोवॅट चालेल पण मी १.५ घेईन, फरक थोडा आहे आणि सहा पोलची मोटर त्याच एचपीला करंट जरा जास्त ओढते. सेन्सरलेस व्हेक्टर मोड असलेला बघ आणि नेमप्लेटचे आकडे भरून ऑटोट्यून कर, कमी स्पीडला जमीन अस्मानाचा फरक पडतो. तुझी नेमप्लेट वाचता येतेय ना? नसेल तर दादांना विचारून अँपिअर भर, अंदाजे नको.

आता वायरिंगचं नीट ऐक कारण लोक इथंच गडबड करतात. मशीनवरचा जुना स्विच मोटर आणि ड्राइव्हच्या मधे अजिबात ठेवायचा नाही, ड्राइव्हमधून सरळ मोटरला, मधे काही नको, कॅपॅसिटर तर नकोच. चालू बंद कंट्रोल टर्मिनलवरून करायचं. मेनचा स्विच सारखा चालू बंद करून मशीन चालवायचं हे पण नको, दर वेळी कॅपॅसिटर चार्ज होताना मार खातात.

आणि आपल्याकडची मुख्य गोष्ट, लाइट. पावसात दिवसातून चारदा जाते आणि येते. तू जर रनला साधा टॉगल स्विच लावलास आणि लाइट गेल्यावर तो चालूच राहिला, तर काही ड्राइव्ह लाइट आली की आपणहून सुरू होतात. तू तेव्हा कटर सोडवत असशील व्हाईसवर हात टाकून. म्हणून टॉगल नको, थ्री वायर पद्धत, हिरवं बटण दाबलं की सुरू, लाल दाबलं की बंद, लाइट गेली की परत हिरवं दाबेपर्यंत हलणार नाही. पॅरामीटरमध्ये ऑटो रिस्टार्ट पण बंद आहे ना बघून घे. मशरूमवालं इमर्जन्सी बटण वेगळं, समोर, नुसतं उजव्या हाताशी नको, डाव्या हाताला पण पोचेल असं.

घरात आरसीसीबी (अर्थमध्ये करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर पहिल्याच दिवशी ट्रिप होण्याची शक्यता आहे. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थमध्ये जातोच, घरातल्या फ्रिज कॉम्प्युटरचा आधीच जात असतो, दोन्ही मिळून ३० मिलीअँपिअर गाठतात. अशा वेळी एखादा वायरमन येऊन अर्थ तोडून देतो आणि म्हणतो बघा चालतंय. त्याला घरात घेऊ नकोस. वर्कशॉपला वेगळी लाइन ओढ, तिच्यावर वेगळा आरसीसीबी, साधा टाइप एसी नको, निदान टाइप ए किंवा ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये जो सांगितलाय तो. मोटरपर्यंतची केबल आखूड ठेव, शिल्डवाली घे. अर्थिंग पक्कं पाहिजे, मशीनच्या बॉडीला वेगळी वायर. आणि एक सर्ज प्रोटेक्टर टाक, विजा कडाडतात तेव्हा कळेल का ते.

शिवण_सर्व्हो
एवढं सगळं कशाला? शिवणाच्या मशीनचा सर्व्हो मोटर घ्या की, ७५० वॅट, सिंगल फेज, स्पीड कंट्रोल आत बांधलेलाच, आवाज नाही. मी लाकडाच्या लेथला लावलाय, मस्त चालतो.

बार्जवाले_काका
लाकडाला चालेल. शिवणाच्या मशीनला मोटर दोन सेकंद पळते आणि थांबते, त्या कामासाठी ती बनवली. मिलिंगला एक पास पंधरा मिनिटं चालतो, सलग लोड. ७५० लिहिलं म्हणून सलग ७५० देईल असं नाही. ट्रेडमिलच्या डीसी मोटरचं पण तेच, डब्यावर दोन अडीच एचपी लिहितात तो क्षणभराचा आकडा, आणि बऱ्याच मोटरी उघड्या असतात, लोखंडाचा चुरा आत गेला की ब्रश आणि कॉम्युटेटर दोन्ही खातो. ज्याच्याकडे फुकट पडलीय त्यानं लावून बघावी, विकत घेऊन नको.

फोंडा_गॅरेज
९४० वाली आणली. उचलायला शेजारचा बोलवावा लागला. दादा, मेगरला सुकवून झाल्यावर २० च्या वर दाखवते, बेअरिंग बदलली. शाफ्ट जुन्या मोटरपेक्षा जाड आहे, २४ एमएम, जुनी पुली १९ ची, तर पुली बोअर करून नवीन चावीगाळा काढावा लागेल, ते ओळखीच्या लेथवर करून घेतो. फूटच्या बोल्टची भोकं पण जुळत नाहीत, ८ एमएमची प्लेट मधे टाकतोय.

दोनच शंका राहिल्या. ड्राइव्ह ठेवू कुठं, पडवी आहे, समोरून पावसाची झड येते आणि मिलिंगचा चुरा सगळीकडे उडतो. आणि स्पिंडल १०० हर्ट्झला २४८० पर्यंत जाईल, प्लेटवर १९०० च लिहिलंय, चालेल का?

बार्जवाले_काका
चावीगाळा काढताना पुलीच्या भिंतीत मांस किती राहतं ते आधी मोज. बीडाची पुली असते, पातळ राहिली तर तडा जाईल, त्यापेक्षा नवीन पुली बरी.

२४८० चं म्हणशील तर अशा मशीनच्या स्पिंडलला टेपर रोलर बेअरिंग असतात, ग्रीस भरलेली. आधी ७० हर्ट्झला अर्धा तास रिकामं चालव आणि नाकाजवळ हात ठेव. कोमट असेल तर पुढं जा, हात ठेवणं मुश्कील झालं तर प्रीलोडचा (बेअरिंग दाबून धरणारा) नट जरासा सोड किंवा तिथंच थांब आणि ड्राइव्हमध्ये जास्तीत जास्त फ्रिक्वेन्सी तेवढीच बांधून टाक. खालची पण बांध, १५ च्या खाली जाऊच देऊ नको, म्हणजे तुझ्या बेल्ट न बदलण्याच्या आळसाला आपोआप लगाम. मोठा फ्लायकटर लावून चुकून १०० ला नॉब फिरवलास तर काय होईल त्याचा विचार कर, नॉबवर त्यासाठी लाल खूण करून ठेव.

वेर्णा_पॅनेल
ड्राइव्ह मशीनवर ठोकू नको, मागच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, पत्र्याच्या बंद बॉक्समध्ये. ०.७५ किलोवॅटला आत ३०-४० वॅट उष्णता तयार होते, बॉक्स ड्राइव्हच्या तिप्पट मोठा घेतलास तर पंखा लागत नाही आणि पंखा नाही म्हणजे चुरा नाही. केबल सगळ्या खालून, ग्लँड लावून, एकही भोक उघडं ठेवू नको. पाल शिरते, टर्मिनलवर आडवी होते आणि तिच्याबरोबर ड्राइव्ह पण जातो, मी पॅनेल उघडून किती काढल्यात. मुंग्या पण घर करतात. पावसात मशीन आठ आठ दिवस बंद राहत असेल तर बॉक्समध्ये १५ वॅटचा बल्ब लावून ठेव, वेगळ्या स्विचवर, आतल्या बोर्डावर दव धरत नाही. आणि बॉक्स उघडायच्या आधी मेन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, चार्जचा दिवा विझला तरी मीटरनं डीसी बस तपासायची, मग हात.

नॉबसाठी पॉट (फिरवायचा रेझिस्टर) ५ के की १० के ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असेल, तीन वायरी, १० व्होल्ट, मधली अॅनालॉग इनपुटला, तिसरी कॉमनला. शिल्डवाली वायर घे आणि शिल्ड फक्त ड्राइव्हच्या बाजूला अर्थ कर, नाहीतर स्पीड आपोआप खालीवर नाचत राहील. थांबायला वेळ तीन सेकंद भर, कमी केलास आणि ओव्हरव्होल्टेज दाखवलं तर चार कर, एवढ्या लहान मोटरला ब्रेकिंग रेझिस्टर नको. मोटर उलटी फिरली तर आउटपुटच्या कुठल्याही दोन वायरी बदल, इनपुटच्या बदलून काही होणार नाही.